फक्कीचा चौकोन

सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर सीताफळाच्या बुंध्याभोवती फक्कीनं चौकोन मारलेला. आठ बाय बारा. मोजायची गरज नाही, माझी नजर मोजते. सैन्यात इंजिनिअर पलटणीत सव्वीस वर्षं काढली. तंबू असो नाहीतर पूल, आधी फक्की पडते, मग माणसं कामाला लागतात. फक्की पडली म्हणजे ठरलं. पांढरी भुकटी, पोरंसुद्धा पायानं पुसतील अशी, पण ती पडल्यावर तिथली माती आधीची राहत नाही. मी कितीतरी जणांच्या मातीवर अशी रेघ मारलेली आहे. कुणाच्या गोठ्यातनं, कुणाच्या चुलीवरनं. मागं वळून बघितल्याचं आठवत नाही. आज पहिल्यांदा मी रेघेच्या आतल्या बाजूला उभा होतो आणि पायाखालची जमीन कुणीतरी चादरीसारखी ओढतंय असं वाटत होतं. वैशाख चाललाय. झाडाला नवी पालवी आलेली, पोपटी, अजून सुरकुतलेली. त्या पालवीच्या टोकालासुद्धा थोडी फक्की उडाली होती. मी ती बोटानं पुसली.

"काका, मार्किंग बघितलंत?" मागनं समीक्षाचा आवाज आला. ही बी विंगमधली, कॉलेजात शिकवते, सोसायटीच्या हरित समितीची प्रमुख. रोज सकाळी चालते. चेहऱ्यावर घाम आणि आनंद. "उद्याच्या सभेत फायनल होईल. दोन कंपोस्ट टाक्या, वर पत्रा, बाजूला गांडूळखताचा वाफा. अठ्ठेचाळीस घरांचा ओला कचरा गेटाबाहेर जायचाच नाही. झिरो वेस्ट!"

"इथंच का?" मी विचारलं.

"वारा पश्चिमेचा असतो ना. वास कंपाउंडाबाहेर जाईल. गाडी मागच्या गेटनं लागेल. तुम्ही इंजिनिअरमधले, तुम्हीच सांगा, दुसरी जागा आहे का?"

नव्हती. हाच तर घोटाळा आहे. मला कुणी विचारलं असतं तर मीही हाच कोपरा दाखवला असता. ती चुकीची असती तर मी तिला फाडून खाल्लं असतं. मला चुकीच्या माणसांशी भांडता येतं, आयुष्यभर तेच केलं. बरोबर असलेल्या माणसाशी कसं भांडायचं हे कुठल्या ट्रेनिंगात शिकवत नाहीत. "झाडाचं वाईट वाटतंय हो," ती म्हणाली, "पण आपण त्याच्या बदली पाच लावू. कुंडीत." आणि कानात ती गाण्याची बोंडं घालून पुढं गेली. मी दूध आणायचं विसरलो.

त्या झाडाखाली माझी बायको आहे. स्पष्टच सांगतो, आडपडदा ठेवून काय करायचं. अंजना. तिची रक्षा, तिची हाडं, मी माझ्या हातानं त्या खड्ड्यात घातली आणि वर झाड लावलं. या सोसायटीत हे कुणाला माहीत नाही. माझ्या पोरालासुद्धा नाही. आमच्या कवठे महांकाळकडं यात नवल काही नाही. आमच्या भागात पुष्कळ घरांत रक्षा नदीत सोडत नाहीत, रानात खड्डा काढून त्यात घालतात आणि वर झाड लावतात. नदी होतीच कुठं सोडायला? बांधावरनं चालताना माणसं सांगतात, ही चिंच म्हंजे आज्जा, ह्यो आंबा म्हंजे थोरली चुलती. त्या आंब्याचा पहिला पाड चुलतीच्या लेकीकडं जातो. यात कुणाला किळस येत नाही. पण ती रीत रानाची आहे. सिमेंटच्या कंपाउंडात, पार्किंगच्या मागं, सामाईक जागेत ती चालत नाही. सामाईक जागेत तुम्ही मोटारसायकल लावू शकता, सत्यनारायण घालू शकता, गणपतीचा मांडव टाकू शकता. बायको ठेवू शकत नाही.

तिनं मला सांगितलं होतं. एकोणीस सालचा सांगलीचा महापूर. नदी इथनं दीड किलोमीटर, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर सहा दिवस अडकलेलो. पार्किंगात पुरुषभर पाणी. एक मेलेली म्हैस आली होती कुठनं तरी, ती लिफ्टच्या दारासमोर गोल गोल फिरायची, दिवसभर, एखाद्या पाहुण्यासारखी, कुठली बेल वाजवायची ते तिला कळत नसल्यासारखी. अंजना खिडकीला टेकून बघत राहायची. ही बाई टँकरच्या गावातली. लहानपणी चार घागरींसाठी आईच्या मागनं फुफाट्यात चाललेली. भात धुतलेलं पाणी भांड्याला, भांड्याचं पाणी झाडाला, असला हिशेब तिच्या हाडात. आणि खाली हे असलं काळं, फुगलेलं, कुणाच्या कामाचं नसलेलं पाणी. घरात प्यायला दोन बाटल्या उरलेल्या. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आवं, एक सांगू? मी मेल्यावर मला पाण्यात सोडू नगा. लय भ्या वाटतं. मातीत घाला कुठंबी."

"आत्ता मरायचं काय काढलंस?" मी म्हणालो.

"मरायला मुहूर्त लागतोय व्हय? म्हशीला सांगितलं हुतं का कुणी?" आणि हसली. मीही हसलो. सहा महिन्यांनी तिच्या दोन्ही किडन्या गेल्या. पंधरा दिवसांत आटोपलं.

मातीत घाला म्हणाली. कुठल्या मातीत? माझी माती मी विकली होती. पलटणीतनं सुटलो, पोरगं शिकायला शहरात पाहिजे, मला तो तीन एकरांचा फोंडा माळ डोळ्यांसमोर नको झालेला. विकला आणि हा फ्लॅट घेतला. अंजना म्हणाली होती, "एक तरी तुकडा ठिवा. चटणीपुरता." मी म्हणालो, "तुला काय कळतंय." मी विकल्यावर चार वर्षांत त्या माळाला योजनेचं पाणी आलं. आज तिथं द्राक्षबाग आहे. ज्यानं घेतला तो माणूस मला रस्त्यात भेटला तर वाकून नमस्कार करतो, आणि मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटते. शेजारचं रान धाकट्या भावाचं, लालासाहेबाचं. रक्षा सावडून मी तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन लावला. म्हणालो, लाला, वहिनीला तुझ्या बांधाला जागा दे. त्याच्याकडनं मोटारीचा आवाज येत होता, पाणी चालू असावं. मग म्हणाला, "दादा, ज्यानं माती इकली त्यानं माती मागू ने." आणि फोन ठेवला. मी त्याला शिव्या दिल्या, तोंड भरून, बंद फोनला. पण तो खोटं काय बोलला?

पोरगा विश्वजीत पुण्यात कंपनीत. दहा दिवसांची सुट्टी काढून आलेला, त्याचा एक डोळा लॅपटॉपकडं. त्याला म्हणालो असतो की आईनं असं सांगितलंय, तर तो म्हणाला असता, पप्पा, लोक काय म्हणतील, हरिपूरला संगमावर करू, रीतसर. म्हणून मी रीतसर केलं. सावडताना हाडं आणि मधली राख मी टॉवेलात बांधून घेतली, आणि मडक्यात कडेची भरली, नुसत्या लाकडाची, गोवऱ्यांची. ते मडकं पोराच्या हातात दिलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून रडला. खरं रडला. मी काठावर उभा होतो, माझ्या पिशवीत त्याची आई होती, आणि माझा पोरगा गोवऱ्यांची राख कृष्णेला देऊन हमसून हमसून रडत होता. असला बाप नरकात जात असेल तर जाऊ दे. तिला मी पाण्यात सोडलं नाही. तेवढा एक शब्द पाळला. आयुष्यात तिचे बाकीचे शब्द मी कुठं पाळले, शोधून सापडत नाही.

झाडाचीही गोष्ट आहे, आणि ती माझ्या थोबाडीत मारणारी आहे. सोसायटी झाल्यावर पहिला सेक्रेटरी मी. सहा वर्षं. सोसायटीचं नाव हरितधाम. इथं एक जुनी बाभूळ होती, ती तोडून तिच्या जागी बिल्डरनं हिरव्या अक्षरात ही पाटी लावली. मी आल्यावर नियमावली केली. बावीस कलमं, माझ्या अक्षरात. बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत. कुंड्यांना घातलेलं पाणी खाली ठिबकता कामा नये. कलम अकरा, ओला कचरा, खरकटं, साली बाल्कनीत साठवू नयेत. कलम सतरा, सामाईक जागेत कुणीही स्वतःचं झाड लावू नये. लोक म्हणाले, सुभेदारसाहेबांनी शिस्त आणली. छाती फुगायची माझी. आणि अंजना बाल्कनीत एका फुटक्या माठात साली टाकायची. कांद्याची, केळीची, चहाचा चोथा. वर मूठभर माती. तळाला ते काळं, भुसभुशीत, पावसाचा वास येणारं खत व्हायचं. खालच्या मजल्यावरच्या बाईनं तक्रार केली, चिलटं येतात. मी काय केलं? मी सोसायटीच्या लेटरहेडवर नोटीस लिहिली. फ्लॅट क्रमांक तीनशे दोन, कलम अकराचा भंग, तीन दिवसांत माठ हलवावा. खाली सही केली, शिक्का मारला, आणि माझ्याच दाराला बाहेरनं चिकटवली. सेक्रेटरीनं घरापासून सुरुवात केली पाहिजे म्हणून. शेजारीपाजारी बघून गेले. कुणी कुणी मला हात जोडले. अंजना भाजी घेऊन आली, सातवी पास बाई, दारात उभी राहून एक एक अक्षर लावत सगळी नोटीस वाचली. मला म्हणाली, "सही लय झोकात करता की वो."

बास. एवढंच. माठ उचलला, खाली नेला, आणि त्याच मागच्या कोपऱ्यात ओतला. कुणाला दिसणार नाही असा. त्यातलं ओंजळभर खत तिनं तेलाच्या डब्यात ठेवलं, आणि त्या डब्यात एक सीताफळाचं रोप आपोआप उगवलं. तिच्या माहेरच्या डोंगरावरच्या सीताफळांच्या बिया सालींत गेल्या असतील. फुटभर झालं तरी ती त्याला हलवेना. म्हणायची, कुठं लावू, जागा कुठं हाय. हरिपूरहून आलो त्या दिवशी पोरगा झोपल्यावर, भर दुपारी, सगळी सोसायटी पंख्याखाली पडलेली असताना, मी तो डबा, टॉवेल आणि फावडं घेऊन त्याच कोपऱ्यात गेलो. कलम सतरा माझ्याच अक्षरात नोटीस बोर्डावर होतं. मी त्याच्या पुढनं चालत गेलो.

एकवीस साली पाणी परत आलं. तीन दिवस तो कोपरा पाण्याखाली होता. मी खिडकीतनं हललो नाही. तीन दिवस मी त्या पाण्याच्या एका ठिपक्याकडं बघत होतो, जिथं रोपाचं टोक असायला पाहिजे होतं. पाण्यात सोडू नगा म्हणाली होती, आणि पाणीच चालत तिच्याकडं आलं. मला वाटलं संपलं, पाळलेला तोही शब्द गेला. पाणी उतरलं तर रोप उभं. वाकलेलं, गाळानं माखलेलं, पण उभं. मी रुमाल ओला करून एक एक पान पुसलं. सतरा पानं होती. वरनं कुणीतरी ओरडलं, "साहेब, गाडी पुसायचीय का?" आणि सगळे हसले. मीही हात वर करून हसलो.

आणि मग फळं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहितो. तिसऱ्या वर्षी नऊ फळं धरली. वॉचमननं मला न विचारता उतरवली आणि ज्यानं मागितलं त्याला वाटली. दसऱ्याला समीक्षा दारात, हातात वाटी. "काका, आपल्या सोसायटीतल्या सीताफळांची बासुंदी. एकदम ऑरगॅनिक." मी वाटी घेतली. दार लावलं. टेबलावर ठेवून बघत बसलो. वर वेलदोड्याची पूड. फेकायची कुठं? सिंकमध्ये? कचऱ्यात? तिला कचऱ्यात? शेवटी मी ती खाल्ली. गोड होती. इतकी गोड की मी वाटी चाटली, आणि चाटल्यावर हुंदका आला तो अजून छातीत अर्धा अडकलेला आहे. त्यानंतर दर वर्षी हे चाललंय. अठ्ठेचाळीस घरांत ते फळ गेलेलं आहे. आता मी उभा राहून सांगू की बाबांनो, तुम्ही काय खाल्लंत? रानातली माणसं असती तर डोळे मिटून हात जोडले असते. ही माणसं ओकतील. सोसायटीचं मसण केलं म्हणतील. शांती करायला भटजी आणतील, आणि झाड तर तोडतीलच, वर खड्डा उकरून जे काय मिळेल ते पिशवीत भरून माझ्या दाराला अडकवतील. आणि विश्वजीतला फोन जाईल. त्याला काय सांगू? तू गोवऱ्यांसाठी रडलास?

शनिवारचा सगळा दिवस मी घरात बोलत फिरलो. भिंतीला सांगून बघितलं, कुकरला सांगून बघितलं. बंधू-भगिनींनो, एक विनंती आहे. नको, बंधू-भगिनींनो नको, ती निवडणूक वाटते. सभासदहो, त्या जागी माझ्या भावना आहेत. भावना! थू. माझ्या जिभेला भावना हा शब्द शोभत नाही, तिथं हाडं आहेत. मग तज्ज्ञासारखं बोलून बघितलं. तिथनं मैलापाण्याची लाइन जाते, खोदाई धोक्याची. खोटं, लाइन पलीकडनं जाते, नकाशावर माझीच सही आहे. जिथं जाईन तिथं माझीच सही. बाल्कनीत उभा राहिलो. जिथं माठ असायचा तिथं फरशीवर अजून गोल डाग आहे. मी किती वेळा ॲसिड टाकून घासला, जात नाही. आता जाऊ नये असं वाटतं.

रविवारी दहाला पार्किंगात सभा. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये फोल्डिंगचं टेबल. चेअरमन सुमंत, सरळ माणूस, बँकेत होता, आवाज कधी चढवत नाही. समीक्षा बोलायला उभी राहिली. म्हणाली, आपण साली, चोथा, खरकटं कचरा म्हणून फेकतो, ते खरं तर सोनं आहे. माती आपल्याला जे देते ते तिला परत द्यायचं, हाच शाश्वत जगण्याचा मंत्र. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या कानशिलात रक्त ठोके मारत होतं. हेच एक बाई तुमच्या डोक्यावर तिसऱ्या मजल्यावर फुटक्या माठात करत होती रे, तेव्हा तुम्हाला चिलटं दिसली. आणि तुम्हाला कशाला शिव्या देऊ. नोटीस मी लावली. तुम्ही नुसते हात जोडलेत.

"सीताफळाचं काय?" कुणीतरी विचारलं. "फळं चांगली लागतात हो त्याला."

"ते झाड तसंही नियमबाह्य आहे," सुमंत म्हणाला. त्यानं जुनं रजिस्टर उघडलं. पान पिवळं पडलेलं. "कलम सतरा. सामाईक जागेत कुणीही स्वतःचं झाड लावू नये. लावल्यास ते विनासूचना काढण्यात येईल." मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघून हसला. "सुभेदारसाहेब, अक्षर तुमचंच आहे. आम्ही आपले तुमच्या वाटेनं चालतोय."

लोक हसले. प्रेमानं हसले, तेच वाईट. मी उभा राहिलो. खुर्चीचा पाय फरशीवर किरकिरला. सव्वीस वर्षांत मी गोळीबारात उभा राहिलोय, बर्फात उभा राहिलोय. अठ्ठेचाळीस चेहरे माझ्याकडं बघत होते. त्यांच्यापैकी एकेकाच्या पोटात ती आहे, असं मनात आलं. मी तोंड उघडलं. बाहेर आलं ते एवढंच. "झाड गोड आहे."

"व्हय की, फळं गोडच हायत," मागनं कुणी तरी म्हणालं. परत हसू.

"काका, आपण त्याची कलमं बांधून घेऊ," समीक्षा म्हणाली. कलमं सीताफळाची बांधतात, तिचं काही चुकत नव्हतं. तिचं कधीच काही चुकत नाही.

"मग सर्वानुमते लिहू ना?" सुमंतनं पेन काढलं. "कुणाचा विरोध?"

टेबलाशेजारी ठेवलेला पंखा फिरत होता. कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. मी उभाच होतो, आणि मी नाही म्हणालो नाही. रजिस्टर फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं, हजर असल्याची सही करायला. मी केली. हात आपोआप चालला. माझ्या नावातला, मानसिंगमधला म ठसठशीत, शेवटी तो फटकारा, खाली दोन टिंबं. सही बघितली आणि अंजनाचा आवाज कानात इतका जवळून आला की मी मान वळवली. शेजारी फक्त रिकामी खुर्ची.

सोमवारी लालासाहेबाला फोन लावला. पाच वर्षांनी. मनाशी घोकलं होतं, लाला, पाया पडतो, दोन हात जागा दे. त्यानं उचलला. "कोण, दादा? बोल." आवाज म्हातारा झालेला. मी म्हणालो, पाऊस कसाय तिकडं. तो म्हणाला, वळवाचा एक झाला, गारा न्हाईत, बाग वाचली. बरं, म्हणालो. "आन काय?" तो म्हणाला. तो थांबला होता, मला कळत होतं, त्याच्या श्वासावरनं कळत होतं की या वेळी मी मागितलं तर कदाचित तो नाही म्हणणार नाही. एक शब्द बोलायचा होता. वहिनी, एवढाच. माझ्या जिभेवर तो दगडासारखा बसला. ज्यानं माती इकली. "काय न्हाई," मी म्हणालो, "सहज लावलेला." आणि फोन कट केला. मग स्वतःच्या थोबाडीत मारली. खरोखरची. गाल दिवसभर झणझणत होता.

मंगळवारी आठला जेसीबी आलं. मागच्या गेटनं, कंपाउंडाला घासत. चालवणारा तिशीतला, कपाळाला भंडारा, रुमाल डोक्याला बांधलेला. सोबत कुणी नाही. सुमंत बँकेच्या कामाला गेलेला, समीक्षा कॉलेजला. मी झाडाच्या आणि बकेटच्या मध्ये जाऊन उभा राहिलो. असं काही ठरवलं नव्हतं. पाय गेले.

"नाना, सरका की बाजूला," तो वरनं म्हणाला. "लागंल."

"झाड कसं काढणार?"

"काढायचं कुठं? मोडून भरायचं सांगितलंय. मग खड्डा."

"नाव काय तुझं?"

"बिरदेव. जत तालुका. सरका आता, मला दुपारी कुपवाडला जायाचंय."

मी सरकलो नाही. त्यानं दोनदा हॉर्न दिला. मग इंजिन मंद केलं, खाली वाकून माझ्याकडं नीट बघितलं. माझा हात बुंध्यावर होता, मला माहीत नव्हतं. त्याची नजर त्या हातावर, मग बुंध्याच्या मुळाशी मी लावलेल्या पाच दगडांवर. लोकांना ते आळं वाटायचं. तो खाली उतरला. रुमाल सोडून हातात घेतला.

"नाना, ह्यात कोण हाय का?"

पाच वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. इतका साधा, वाट विचारावी तसा. "बायको," मी म्हणालो. आवाज माझाच, पण लांबनं आल्यासारखा. "अंजना नाव."

"आरं द्येवा." त्यानं चपला काढल्या. हात जोडले, दोन बोटं मातीला लावून कपाळाला लावली. "आमच्या बांधाला माजी आय हाय. जांभळीत." मग इकडं तिकडं बघितलं, वरच्या बाल्कन्या, पार्किंग, गेट. "हितं घातली व्हय? हितं कसं वो घातलं?"

उत्तराची वाट न बघता तो चढला, इंजिन वाढवलं, म्हणाला, "मोडत न्हाई. मुळीसकट उचलतो. तुमी नुसतं लांब ऱ्हावा."

मी आयुष्यात पुष्कळ मशिनं चालताना बघितली. असा हात बघितला नाही. लोखंडाची ती बकेट, दगड फोडणारी, त्यानं चारी बाजूंनी अशी फिरवली की आजारी माणसाच्या अंथरुणाची कड सारखी करावी. माती हळूहळू सुटली. वरचा थर काळा, भुसभुशीत, सांगलीच्या मातीसारखा नाहीच, तो तिच्या माठाचा थर होता. त्याचा वास वर आला आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा झाड हवेत होतं. बुडाला हातभर मातीचा गड्डा, त्यातनं लोंबणारी मुळं, मुळांच्या जाळ्यात कुठंतरी पांढरं, खडूच्या तुकड्याएवढं. पालवी तशीच पोपटी, थरथरणारी. खाली फक्कीच्या चौकोनात एक भोक. अख्खी बाई उचलून घेतल्यासारखं ते झाड बकेटमध्ये बसलं होतं, जमिनीपासून पुरुषभर उंच.

बिरदेवनं मान बाहेर काढली. त्याच्या तोंडावर काम चांगलं झाल्याचं समाधान होतं. "आलं की नाना नीट! सांगा आता, कुठं ठिवू?"

मी वळलो. डावीकडं पार्किंग, पिवळे पट्टे, प्रत्येक पट्ट्यात फ्लॅटचा नंबर. उजवीकडं सिमेंटचा रस्ता. पुढं नकली हिरवळ, तिच्यावर बसायला मनाई आहे, कलम वीस. कंपाउंडाच्या पलीकडं दुसऱ्या सोसायटीचं कंपाउंड. त्याच्या पलीकडं अजून एक. वर तिसऱ्या मजल्यावर माझी बाल्कनी, सहा बाय तीन, फरशीवर एक गोल डाग. माझ्या नावावर कागद आहे, सातशे ऐंशी चौरस फूट, सही-शिक्क्याचा. त्यातला एक फूटसुद्धा जमिनीला टेकलेला नाही. हे मला आज कळलं असं नाही. पण आज एक माणूस वरनं विचारत होता, आणि त्याला बोट करून दाखवायचं होतं. मी बोट वर केलं. ते कुठंच जाईना. गड्ड्यातली माती सुटायला लागली, बारीक बारीक, बकेटच्या कडेवरनं. मी धावत बकेटच्या खाली गेलो, सदऱ्याचा पुढचा भाग दोन्ही हातांनी पसरला आणि ती त्यात धरायला लागलो.

"नाना, खालनं सरा! लवकर सांगा, कुठं ठिवू?"

"थांब," मी ओरडलो. "तसंच धर."

इंजिन धडधडत होतं. माती पडत होती. सदरा जड होत होता.

"धरतो की," वरनं बिरदेव म्हणाला. मग जरा वेळानं, आवाज उतरवून, "पर किती येळ धरू वो?"